भिंतीला टेकवलेले दोन टायर

गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात कोरोना आला आणि शाळा बंद झाल्या. मी शहापूरला राहते आणि मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. दोन शिक्षक, चार वर्ग, तीसेक मुलं. किन्हवलीच्या पुढे एसटीचा भरवसा नाही, म्हणून नवऱ्यानं हट्टानं ती लहान गाडी घ्यायला लावली होती. तो स्वतः आसनगावहून कल्याणला कामाला जातो, त्यामुळे गाडी माझीच. आणि मग ती दीड वर्ष दारात उभी राहिली. आमच्या अंगणात सावली नाही. दुपारभर ऊन तिच्या एका अंगावर पडायचं. नवराही तेव्हा घरीच होता. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून दर रविवारी तो गाडी धुवायचा आणि बाटलीतलं चमकवायचं औषध टायरांना चोळायचा. टायर ओले असल्यासारखे काळेभोर दिसायचे. शेजारी विचारायचे, गाडी कालच आणलीत काय?

शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात मी पंपावर हवा भरायला थांबले. हवा भरणारा माणूस उकिडवा बसला होता, तो तसाच बसून राहिला.

"मॅडम, टायर बघितलेत का तुम्ही?"

"नवेच आहेत," मी म्हटलं.

त्यानं टायरच्या बाजूवरून बोट फिरवलं. तिथं गोलाईभर बारीक भेगा होत्या, केसाएवढ्या, एकीतून दुसरी फुटलेली. रस्त्याला टेकणारी नक्षी मात्र पूर्ण शाबूत होती. चार पावलांवरून पाहिलं तर काही दिसत नव्हतं. वाकून पाहिलं की नजर हटत नव्हती.

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला घेऊन महामार्गाच्या कडेच्या एका टायरच्या दुकानात गेले. दुकानदार साठीचा, मितभाषी माणूस. त्यानं अंगठ्यानं टायरची बाजू दाबली तशा भेगा उघडल्या, सोडली तशा मिटल्या.

"हा झिजला नाही, म्हातारा झालाय," तो म्हणाला. "गाडी उभी ठेवली असेल तुम्ही. उन्हात. हवा कमी. टायरला फिरणं लागतं. फिरला नाही की रबर सुकतं. आणि हे चमकवायचं तेल कुणी लावलं?"

नवरा शेजारी उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"कोणतंही तेल लावून ठेवलंत की ते रबराचा जीव काढतं," दुकानदार म्हणाला, पण ओरडल्यासारखा नाही. मग त्यानं खडूचा तुकडा घेतला आणि टायरच्या कडेला कोरलेल्या चार आकड्यांवर पांढरी रेघ ओढली. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी जन्माला आला ते तिथं लिहिलेलं असतं. आमचे चारही टायर एकाच वर्षाच्या छत्तिसाव्या आठवड्यातले होते. शिक्षिका असल्यामुळे असेल, मला ते फार आवडलं. इतकी वर्षं रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर हे लिहिलेलं होतं आणि मला वाचता येत नव्हतं.

नवे टायर घेताना मी हे नवं शिकलेलं लगेच वापरून पाहिलं. त्यानं आधी स्वस्तातले दाखवले, कारण मीच तसं विचारलं होतं. जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले रिमोल्डचे टायर होते. ते त्यानंच बाजूला सारले. "घाटात आणि उन्हाळ्यात नको." दुसरे नवेकोरे होते, वर कागद चिकटलेला, पण आकडे वाचले तर तीन वर्षं दुकानात पडलेले. "गिऱ्हाईक बघत नाही, म्हणून खपतात," तो म्हणाला. शेवटी आतल्या खोलीतून त्यानं चार टायर काढले, चार महिन्यांपूर्वी बनलेले. मी एकेकाचे आकडे वाचून हो म्हटलं. तो पहिल्यांदा हसला.

जुने उतरवून झाल्यावर त्यानं खालच्या फळीवरून एक आखूड, जाड पात्याची सुरी घेतली.

"थांबा, काय करताय?"

"चिरून ठेवतो. नक्षी बघून कोणीतरी उचलतं आणि लावतं."

मी म्हटलं, चिरू नका, मला शाळेत न्यायचेत. अर्धे मातीत पुरून वर रंग द्यायचा, मुलं त्यावर उड्या मारतात. सगळ्या शाळांत करतात हल्ली. त्यानं सुरी खाली ठेवली, पण हात सुरीवरून काढला नाही.

"बाई, पुराल ना नक्की?"

"म्हणजे काय!" मी म्हटलं.

शाळेत खिचडी शिजवायला वाडीतलीच एक जण यायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, अंगानं सडसडीत, आणि बोलायला लागली की डाळ करपेपर्यंत थांबायची नाही. शाळा बंद होती त्या दीड वर्षात आम्ही तांदूळ आणि कडधान्य घरोघर वाटलं, तेव्हा कोणाच्या घरात खरंच चूल पेटत नाही ते तिनंच मला हळू आवाजात सांगितलं होतं. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती, दुसरीत. तिच्या नवऱ्याकडे एक जुनी व्हॅन होती. वाडीतल्या लोकांना बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला तो त्यातून न्यायचा. मी कधी शाळेत उशिरापर्यंत थांबले तर ती चहाचा कप आणून टेबलावर ठेवायची आणि समोर उभी राहून मी तो संपवेपर्यंत बोलत राहायची. शाळेत मला मैत्रीण अशी तीच होती. हे तेव्हा मी कुणाला म्हटलं नसतं.

दोन टायर आम्ही पहिल्या आठवड्यात पुरले. मुलांनी खड्डे खणले, एकाला लाल रंग दिला, एकाला पिवळा. रंग तेवढाच होता. उरलेले दोन स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवले. रंग आणायचा राहत गेला.

दिवाळीनंतरची गोष्ट. मधल्या सुट्टीत मी ताट धुवायला गेले तेव्हा ती त्या टायरांपाशी उभी होती.

"बाई, हे पण मातीत पुरणार?"

"हो गं. रंग आणला की."

"यांची नक्षी तं नवीच हाय. आमच्या गाडीचे पार गोटा झालेत. हे बोलले, माप बघ गो जरा, आपलंच दिसतंय."

मी सांगितलं. सांगितलं, हे खरं आहे. टायर जुने झालेत, भेगा पडल्यात, दुकानदार वापरू नका म्हणालाय. पण कसं सांगितलं? ताट धूत, पाठमोरी, नळाच्या आवाजात.

ती वाकून बघत म्हणाली, "भेगा तं आमच्या टाचांना पण हायत, बाई. चालतोच ना आमी?"

मला हसू आलं. ती पण हसली. आणि त्या हसण्यात मी म्हटलं, "ने. पण त्यांना हळू चालवायला सांग."

का म्हटलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तिला नाही म्हणायचं जिवावर आलं, हे एक. पण त्याहून वाईट दुसरं आहे. तिनं काही मागितलं आणि मी ते दिलं, याचं मला बरं वाटलं. मी नव्या टायरांवर फिरत होते आणि जुने तिला देऊन मला उदार वाटत होतं. त्यांच्या गोटा झालेल्या टायरांपेक्षा हे बरेच की, असंही मी मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी दोन काळे गोल डाग तेवढे उरले होते.

त्यानंतर व्हॅन मला रस्त्यात रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा दिसायची. माझे टायर मागच्या चाकांना होते. मी ते ओळखायचे. मार्चमध्ये एकदा किन्हवलीपासून मी व्हॅनच्या मागे होते. डाव्या बाजूचं मागचं चाक बसल्यासारखं वाटलं, आणि बाजूला कुठंतरी फुगवटा आल्यासारखा. गाडी खड्ड्यातून जायची तसा तो दिसायचा, जायचा. शाळेत पोचल्यावर तिला सांगायचं, असं मी ठरवलं. पोचले तर तालुक्याहून तपासणीला साहेब आले होते. दुपारी ती म्हणाली, "बाई, आज खिचडी खाली लागली, साहेबांना वरवरची वाढते." आम्ही दोघी त्या गडबडीत. मग शनिवार, मग रविवार.

मे महिन्याच्या सुट्टीत वाडीतलं वऱ्हाड मुरबाडच्या बाजूला एका लग्नाला गेलं होतं. जेवणं उरकून भर दुपारी परत निघाले. व्हॅनमध्ये अकरा माणसं होती, चालवायला तिचा नवरा. ती दाराशी बसली होती, मांडीवर शेजारणीचं बाळ घेऊन. सरळगाव मागे पडल्यावर डावीकडचा मागचा टायर फुटला, व्हॅन रस्ता सोडून कोरड्या ओढ्यात आडवी झाली. बाळाला खरचटलंही नाही. इतरांना मुका मार, कुणाचा हात मोडला, कुणाचे दात. ती एकटी गेली. मुलगी त्या दिवशी आजीजवळ घरीच राहिली होती, ताप होता म्हणून.

मला फोनवर हे आमच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं. "टायर फुटला म्हणे," ते म्हणाले. मी स्वयंपाकघरात उभी होते. त्यानंतर त्यांनी जे काही सांगितलं ते मला पुन्हा विचारावं लागलं.

तिसऱ्या दिवशी वाडीवर गेले. बायकांनी मला जागा करून दिली. तिचा नवरा उंबऱ्यावर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मला बघून उठायला लागला. मी बसा म्हटलं. तिची सासू माझा हात धरून रडली आणि म्हणाली, "तुमचं नाव लय काढायची गो बाई." मी टायरचं सांगायला गेले होते. चहा पिऊन परत आले.

ती व्हॅन पोलीस चौकीच्या मागच्या मोकळ्या जागेत आणून ठेवली होती. चार दिवसांनी मी तिथं गेले. हवालदाराला सांगितलं की बाई आमच्या शाळेत कामाला होती, तिची पिशवी गाडीत राहिली असेल तर घरच्यांना देईन. त्यानं बघा म्हटलं. आत पिशवी नव्हती. एक चप्पल होती आणि लग्नातल्या अक्षता सगळ्या सीटवर. मी मागच्या चाकाशी जाऊन बसले. टायरची बाजू कडेपासून सोललेल्या सालीसारखी लोंबत होती. नक्षी तेव्हाही चांगली होती. मी ती साल हातात धरून सगळी फिरवली. आकडे फाटलेल्या जागेत गेले असतील, वाचता येणार नाहीत, अशी मला आशा होती. पण ते शाबूत होते. छत्तीस. पुढे ते वर्ष.

"काय शोधताय बाई?" हवालदारानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. हात काळे झाले होते. ते मी चौकीच्या नळावर धुतले. घरी येऊन पुन्हा धुतले.

नवऱ्याला त्या रात्री सांगितलं. त्यानं समोरचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "अकरा माणसं भरली होती. पोलिसांनीही तेच लिहिलंय. टायरचं आता काढू नकोस." आणि थोड्या वेळानं, मी काही न विचारता, "तेल मी लावत होतो." त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. पण त्यानं ती बाटली फेकली. मी कचऱ्याच्या डब्यात पाहिली.

जूनमध्ये शाळा उघडली. खिचडीला दुसरी बाई आली, शांत, कामाची. पण सव्वाबाराच्या सुमाराला, मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असले की मागून आवाज यायचा, "बाई, ताट घेऊ?" अगदी तिचाच, ती रोज विचारायची तसा, दाराच्या चौकटीतून. मी वळायचे. मुलं माझ्याकडे बघत असायची. पहिल्या महिन्यात हे रोज व्हायचं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. वर्गात मुलांनाही तसं शिकवते. तरी मी एक दिवस सव्वाबाराला मुद्दाम वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले, आवाज कुठून येतो ते बघायला. तिथं कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. मी परत आत येऊन खडू उचलला, तेवढ्यात ऐकू आलं.

अंगणात ते दोन टायर होते, लाल आणि पिवळा. आठ-नऊ महिने ऊनपाऊस खाऊन रंगातूनही भेगा दिसायला लागल्या होत्या. मी ते उपटून टाकायचं ठरवलं. खोऱ्याला हात घातला त्या दिवशी तिची मुलगी पिवळ्या टायरवर बसून पेरू खात होती. ती तिची जागा होती. मधल्या सुट्टीत दुसरं कोणी तिथं बसलं तर ती काही न बोलता समोर उभी राहायची, ते मूल उठेपर्यंत. मी खोरं पुन्हा कोपऱ्यात ठेवलं.

गणपती झाल्यावर एका दुपारी तिचा नवरा शाळेत आला. गाडी चालवणं त्यानं सोडलं होतं. दिवाळीनंतर तो वीटभट्टीवर जाणार होता, आणि मुलीला निवासी आश्रमशाळेत घालावं का, ते विचारायला आला होता. मुख्याध्यापक बाहेर गेले होते. मुलं अंगणात होती. मी त्याला खुर्ची दिली, तो बाकावरच बसला.

मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय." आणि सांगितलं. दुकानदार, भेगा, सुरी, मार्चमधला फुगवटा, चौकीमागची व्हॅन, आकडे. काही ठेवलं नाही. बोलताना मी टेबलाकडे बघत होते.

सांगून झाल्यावर मी वर बघितलं.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"टायरचं. मी ते किन्हवलीला पंक्चरवाल्याकडं नेले. तो बोलला, मी नाय लावणार, हे मेलेले टायर हायत. त्यात लहान गाडीचे, तू माणसं भरतोस, फुटतील. मी घरी आणले नि माझ्या हातानं लावले." त्यानं हात पुढे केला, जसा तो मला दाखवायचाच होता. मोडलेला हात नीट बसला नव्हता. "तिला नाय सांगलं. ती बोलली, बाईंनी दिलेत ते, चांगलेच असणार. मी हो बोललो."

मला वाटलं होतं, सांगितलं की तो ओरडेल, किंवा रडेल, किंवा उठून जाईल, आणि यातलं काहीही झालं तरी मला थोडं हलकं वाटेल. झालं उलटंच. बाईंनी दिलेत ते चांगलेच असणार. हे वाक्य मला माहीत नव्हतं. ते त्यानं मला दिलं आणि आता ते माझ्याकडे आहे.

"आता कुणाला बोलू नका बाई," तो म्हणाला. "पोरीला तं नायच."

"नाही बोलणार."

"मी पण नाय बोलणार."

मग मी त्याला सांगितलं की मुलीला आश्रमशाळेत घालू नका, आजीजवळ राहू दे, चौथीपर्यंत माझ्याकडेच शिकू दे. तो बरं म्हणाला. जाताना दाराशी थांबून त्यानं विचारलं, "तुमाला पण ऐकू येतं का?"

मी काय ते विचारलं नाही. हो म्हटलं.

तो भट्टीवर गेला, पावसाळ्याच्या आत परत आला. अजूनही हंगामाला जातो. दुसरं लग्न केलं नाही. रस्त्यात भेटला तर आम्ही थांबतो, मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलतो, आणि एकमेकांच्या तोंडाकडे फार वेळ बघत नाही.

आवाज आता कमी झालाय. महिन्यातून एखाद वेळा, तोही पुसट. खरं सांगायचं तर हल्ली मीच सव्वाबाराला हातातलं थांबवते आणि वाट बघते. तो अजिबात येईनासा झाला तर काय, याचीच आता मला धास्ती वाटते.

मुलगी चौथीत आली. आईसारखीच सडसडीत, पण बोलणं अगदी कमी. गणितात हुशार आहे. मागच्या महिन्यात मुलं भागाकार सोडवत होती आणि ती मान वर न करता म्हणाली, "बाई, तुमी माझ्याकडं असं का बघता?"

बाकीच्यांच्या माना वर झाल्या.

"असं म्हणजे कसं?" मी विचारलं.

तिनं विचार केला. तिला शब्द सापडला नाही. मी तिच्या बाकापाशी गेले, तिची वही घेतली आणि गणितं तपासली. सगळी बरोबर होती.